एकाच कंपनीच्या बंदुकांचा संग्रह : अमेरिकेतल्या मराठी संग्राहकासाठी

अमेरिकेत बंदुका जमवण्याचा छंद लागला की पहिल्या काही खरेद्या हमखास विस्कळीत होतात. एक ग्लॉक घेतली जाते, कारण मित्राकडे तीच आहे. एक जुनी रायफल गन शोमध्ये स्वस्त मिळते. एखादं रिव्हॉल्व्हर नुसतं देखणं दिसलं म्हणून घरी येतं. मग प्रत्येकाचं काडतूस निराळं, मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) निराळं, उघडून साफ करायची रीत निराळी, आणि तिजोरी भरली तरी तिला संग्रह म्हणावंसं वाटत नाही. अशा वेळी ‘यापुढे एकाच कंपनीचं घ्यायचं’ हा नियम फार कामाचा ठरतो.

मी हा नियम मानतो. त्यात ब्रँडच्या प्रेमाचा भाग थोडा आहे, अभ्यासाचा मोठा. एका कारखान्याचा इतिहास, त्याच्या बंदुकांमधले वर्षावर्षाचे फरक, खुणा, खोकी, भाग हे सगळं नोकरी-संसार सांभाळून नीट शिकता येतं. दहा कारखान्यांचं शिकता येत नाही. जुना माल विकत घेताना ज्याला जास्त माहिती असते तोच फायद्यात राहतो, म्हणून आपली हद्द लहान आखावी आणि तिच्या आत पक्कं व्हावं.

आधी कायदा

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण आपल्या लोकांमध्ये याबद्दल फार गैरसमज आहेत. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सामान्यतः मनाई आहे. त्याला थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असणं. हा अपवाद खरा आहे, पण त्याच्या भरवशावर संग्रह उभा करण्याआधी वकिलाला विचारा. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली, तर तो गंभीर संघीय गुन्हा होतो आणि इमिग्रेशनवरही त्याचा परिणाम होतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई उरत नाही. माझा सरळ सल्ला असा की ग्रीन कार्ड येईपर्यंत रेंजवर जा, वाचा, शिका, आणि खरेदी थांबवा. रेंजवरची भाड्याची बंदूकही काही मिनिटं हातात असतेच, तेव्हा तिथेही आपल्या व्हिसाला नियम काय लागतो ते आधी विचारून घ्या.

ग्रीन कार्ड असलेल्या मित्राने आपल्यासाठी बंदूक विकत घेऊन द्यायची, हा मार्ग तर पूर्ण बंद समजा. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर ‘खरा खरेदीदार मीच आहे’ असं लिहून द्यावं लागतं. तिथे खोटं लिहिलं तर दोघंही अडकतात. याच फॉर्मवर गांजाच्या वापराबद्दल प्रश्न असतो, आणि तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायदा ती सूट मानत नाही.

त्यानंतर राज्याचे नियम. आपली मोठी वस्ती न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात आहे, आणि ही दोन्ही राज्यं कडक आहेत. न्यू जर्सीत खरेदीसाठी ओळखपत्र लागतं, पिस्तुलासाठी वेगळा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात दुकानदार नवं पिस्तूल विकतो ते बहुतांशी सरकारी यादीतलंच. दोन्हीकडे मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांची. ब्रँड निवडताना याचा थेट संबंध येतो. तुमच्या आवडत्या कंपनीची अर्धी पिस्तुलं तुमच्या राज्यात मिळतच नसतील, तर त्या कंपनीचा संग्रह तुमच्या हातून पुरा होणार नाही.

वापरायला की जपायला?

दुसरं पाऊल कागदावर उचलायचं. रेंजवर नेमबाजी करायची, शिकार करायची, घराच्या रक्षणासाठी एक ठेवायची, की जुन्या वस्तू जपायच्या? यांतलं काय किती ते लिहून काढा. एकच ब्रँड घेण्याचे फायदे वापरणाऱ्याला वेगळे मिळतात आणि जपणाऱ्याला वेगळे.

वापरणाऱ्याचा मोठा फायदा हाताच्या सवयीचा. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडायला खिटी पुढे ढकलायची असते, कोल्टची मागे ओढायची असते, आणि रुगरचं बटण आत दाबायचं असतं. बेरेटा ९२ वर सेफ्टीचा खटका खाली केला की पिस्तूल सुरक्षित होतं. ‘१९११’ नावाच्या घाटाच्या पिस्तुलावर तोच खटका खाली केला की ते झाडायला तयार होतं. तिजोरीत ही दोन्ही असतील तर ताणाच्या क्षणी अंगठा चुकू शकतो. सगळ्या बंदुका एका रीतीने चालणाऱ्या असल्या तर हा धोका कमी होतो.

पण एक ब्रँड म्हणजे एकच रीत असं धरू नका. रुगरच्याच जुन्या पी८९ पिस्तुलाचा खटका खाली केला की ते सुरक्षित, आणि त्याच कंपनीच्या एसआर१९११ चा खाली केला की तयार. म्हणून नव्याने घेताना आधीच्या बंदुकीची रीत आठवा आणि ती जुळते का ते पाहा. घररक्षणासाठीचं पिस्तूल आणि रेंजवर सर्वांत जास्त वापरायचं पिस्तूल यांची रीत एकच असावी, इतकं तरी सांभाळाच.

जपणाऱ्याला मात्र विविधता हवी असते. एकाच साच्यातली पिस्तुलं जमवून त्याचं मन भरणार नाही. ग्लॉकचा संग्रह वापराला उत्तम आहे, ‘ग्लॉक १७’ चं मॅगझिन ‘ग्लॉक १९’ मध्ये बसतं, सगळं एका सवयीने चालतं. पण जपायला आणि अभ्यासायला त्यात सांगण्यासारखं थोडं आहे.

कंपनी पारखताना

नळीवर कोरलेलं नाव आणि बंदूक बनवणारा कारखाना नेहमी एकच नसतो. हा मुद्दा नवख्या संग्राहकाच्या लक्षात उशिरा येतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

विंचेस्टर हे अमेरिकेतलं सगळ्यात ओळखीचं नाव. पण न्यू हेवनचा त्यांचा कारखाना २००६ साली बंद झाला. नाव आज ऑलिन कंपनीच्या मालकीचं आहे आणि रायफली परवान्यावर दुसरे बनवतात. जुन्या लिव्हर रायफलींच्या नव्या आवृत्त्या जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात तयार होतात. त्या बनावटीला फार सुबक असतात, आणि तरीही ‘विंचेस्टरचा संग्रह’ म्हणताना तुम्ही कारखाना जमवताय की नाव, हे ठरवावं लागतं. याच कंपनीत आणखी एक रेघ आहे. १९६४ साली त्यांनी मॉडेल ७० ची बनावट स्वस्त केली, आणि तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीची’ रायफल वेगळ्या किमतीला विकली जाते. ब्राउनिंगचंही तसंच. सिटोरी शॉटगन मिरोकूची, हाय-पॉवर पिस्तूल बेल्जियमच्या एफएनचं. ब्राउनिंग जमवणारा खरं तर दोन-तीन देशांचे कारखाने जमवत असतो.

मार्लिनची कथा याहून बोलकी आहे. रेमिंग्टनने ही कंपनी २००७ च्या अखेरीस घेतली, जुने कामगार आणि जुना कारखाना गेला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या रायफलींच्या दर्जाबद्दल लोक आजही नाक मुरडतात. रेमिंग्टन दिवाळखोरीत निघाल्यावर २०२० साली मार्लिन रुगरने विकत घेतली आणि २०२१ च्या अखेरीपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडन इथे पुन्हा बनवायला सुरुवात केली. त्यामुळे मार्लिन बघताना संग्राहक आधी नळीवरचा ‘जेएम’ हा जुना ठसा शोधतो.

कंपनीचा आवाका किती हेही पाहावं. बेरेटा १५२६ पासून इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियात नळ्या बनवतेय. तिच्याकडे पिस्तुलं आणि शॉटगन अव्वल आहेत, आणि रायफली हव्या असतील तर साको आणि टिक्का या फिनलंडच्या कंपन्या तिच्याच समूहात आहेत. समूह धरायचा की फक्त ‘बेरेटा’ ठसा धरायचा, हा नियम पहिल्याच दिवशी करा. सीझेड ही चेक कंपनी, उहेर्स्की ब्रोदची. सीझेड ७५ हे तिचं नामांकित पिस्तूल, .२२ (छोट्या, स्वस्त काडतुसाच्या) रायफली अतिशय नेमक्या, पण तिच्या नावाच्या कित्येक शॉटगन तुर्कस्तानात बनलेल्या. सगळ्या प्रकारांत सारखीच दर्जेदार अशी कंपनी शोधत बसू नका. ज्या दोन-तीन प्रकारांवर तुमचा जीव आहे त्यांत ती चांगली आहे का, एवढं पाहा.

शेवटचं, आणि मी सर्वांत जास्त वजन देतो ते : कंपनी आपल्या जुन्या बंदुकांची दखल घेते का? अनुक्रमांकावरून बनावटीचं वर्ष सांगते का? भाग देते का? ज्या कंपनीचा मालक दर दशकाला बदलतो तिथे जुनी कागदपत्रं हरवतात आणि उत्तर देणारं कोणी उरत नाही.

नमुन्यादाखल रुगर

या कसोट्या प्रत्यक्षात कशा लावायच्या ते एका कंपनीवर दाखवतो. मी रुगर निवडतो, कारण मध्यम पगारातल्या माणसाला तिचा संग्रह झेपतो आणि तिचा इतिहास एका माणसाला आकळेल एवढा आहे.

विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ साली कनेटिकटमधल्या साउथपोर्टला कंपनी काढली. स्टर्मने ५०,००० डॉलर घातले होते. पहिलं पिस्तूल .२२ चं, ‘स्टँडर्ड’, किंमत ३७.५० डॉलर. १९५१ साली स्टर्म तरुण वयातच वारला, आणि मुठीवरच्या चिन्हातल्या लाल गरुडाचा रंग काळा झाला. त्यामुळे ‘रेड ईगल’ म्हणजे कंपनीच्या अगदी पहिल्या काळातलं पिस्तूल, आणि त्याची किंमत वेगळीच. ही पिस्तुलं सुरुवातीला लाकडी खोक्यातून पाठवली जात. ते खोकं खाऱ्या माशांच्या पेटीसारखं असल्याने संग्राहक त्याला ‘सॉल्ट कॉड बॉक्स’ म्हणतात. नकली खोकीही फिरतात, तेव्हा केवळ खोक्यापायी पैसे वाढवून देऊ नका.

पुढचा क्रम सोपा आहे. १९५३ ला सिंगल-सिक्स, १९५५ ला ब्लॅकहॉक ही काउबॉय घाटाची रिव्हॉल्व्हरं. १९६४ ला १०/२२ रायफल, जी आजही बनते. १९६८ ला मॉडेल ७७ ही शिकारीची रायफल. १९७७ ला रेड लेबल शॉटगन. १९८५ ला जीपी१०० हे .३५७ मॅग्नमचं दणकट रिव्हॉल्व्हर. शॉटगनची बाजू लंगडी आहे हे मान्य करूनच या कंपनीकडे वळावं. लष्करी इतिहासाची ओढ असेल तर रुगर तुमच्यासाठी नाही, स्मिथ अँड वेसन किंवा कोल्टकडे जा.

वापराच्या दृष्टीने रुगरमधलं मला सर्वांत आवडतं ते १० गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन. १०/२२ मधलं तेच मॅगझिन अमेरिकन रिमफायर या बोल्ट रायफलीत बसतं, ७७/२२ मध्ये बसतं आणि चार्जर पिस्तुलातही बसतं. पीसी कार्बाइन ही ९ मिमीची रायफल सिक्युरिटी-९ पिस्तुलाचं मॅगझिन घेते. एकाच ब्रँडमधली बचत असते ती अशी.

कंपनी लेखी वॉरंटी देत नाही, पण दुरुस्तीच्या बाबतीत तिचं नाव चांगलं आहे. अनुक्रमांक टाकला की बंदूक कोणत्या वर्षीची ते तिच्या संकेतस्थळावर कळतं. बंद पडलेल्या काही मॉडेलचे भाग मात्र तिच्याकडेही उरलेले नाहीत, उदाहरणार्थ जुनी .४४ कार्बाइन. अशी बंदूक घेताना ती झाडण्यासाठी घेऊ नका.

पहिल्या तीन खरेद्या

सुरुवात .२२ ने करा. रुगरचंच उदाहरण पुढे चालवायचं तर १०/२२ किंवा .२२ चं पिस्तूल. गोळ्या स्वस्त, धक्का नगण्य, आणि संग्रह कधीही कपाटात कोंडलेला राहत नाही. पिस्तूल घ्यायचं तर रुगरचं मार्क फोर घ्या, कारण ते एका बटणावर उघडतं. त्याआधीची आवृत्ती खोलणं सोपं, परत जोडणं जिकिरीचं. मार्क फोर जुनं असेल तर एक गोष्ट तपासा. जून २०१७ पूर्वी बनलेली मार्क फोर कंपनीने परत मागवली होती, कारण सेफ्टीचा खटका अर्धवट राहिला तर ते चुकून झडण्याची शक्यता होती. दुरुस्ती झाल्याचा पुरावा विक्रेत्याकडे मागा.

दुसरी खरेदी तुमच्या खऱ्या गरजेची : शिकारीची रायफल किंवा घराचं पिस्तूल. त्यात इतिहास शोधू नका, नवं घ्या आणि भरपूर झाडा.

तिसरी खरेदी पहिली ‘संग्रहाची’ वस्तू. तिच्यासाठी घाई नको. १९७६ साली कंपनीने आपल्या बंदुकांच्या नळीवर ‘अमेरिकन स्वातंत्र्याच्या २०० व्या वर्षी बनवलेली’ अशा अर्थाची ओळ कोरली होती. त्या बंदुका दुर्मीळ नाहीत, फार महागही नाहीत, आणि एका वर्षाची खूण अंगावर वागवतात. नवीन संग्राहकाने हात साफ करायला यासारखं दुसरं काही नाही.

जुनी रिव्हॉल्व्हरं तपासताना

रुगरची १९७३ पूर्वीची सिंगल-ॲक्शन (दर वेळी हॅमर हाताने ओढायची) रिव्हॉल्व्हरं बाजूला तीन स्क्रू असल्यामुळे ‘थ्री-स्क्रू’ म्हणून ओळखली जातात. त्यांचा हॅमर खाली असताना थेट फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसावर घाव घालणाऱ्या खिळीवर, टेकतो. समोरच्या घरात काडतूस असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, तर गोळी सुटू शकते. म्हणून जाणती माणसं सहापैकी पाचच घरं भरत आणि हॅमरखाली रिकामं घर ठेवत. १९७३ च्या न्यू मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढला तरच हॅमरचा घाव पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) आला आणि हा धोका गेला. जुनं रिव्हॉल्व्हर पाठवलं तर कंपनी नवे भाग फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून परत पाठवते.

इथे संग्राहक आणि नेमबाज यांची वाट वेगळी होते. न बदललेल्या मूळ रिव्हॉल्व्हरला बाजारात जास्त किंमत असते. बदललेलं पण मूळ भाग सोबत असलेलं त्याच्या खाली, आणि मूळ भाग हरवलेलं सगळ्यांत खाली. माझं मत ठाम आहे : ते झाडणार असाल तर बदल करून घ्या, आणि जुने भाग अनुक्रमांक लिहिलेल्या पाकिटात जपा. किमतीतला फरक एखाद्याच्या पायापेक्षा मोठा नाही.

घेण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे हे स्वतः तपासून मग पुढचं पाहा. सिलिंडर हॅमर ओढल्यावर घट्ट बसतो का, नळीच्या आत उजेड धरल्यावर खड्डे दिसतात का, स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या आहेत का. चेपलेली खाच म्हणजे कोणीतरी अडाणी हाताने आत शिरलं होतं. पॉलिश करून नव्याने निळी केलेली (गंजापासून वाचवणारा निळा-काळा थर पुन्हा चढवलेली) बंदूक चकचकीत दिसते, पण तिच्यावरची कोरीव अक्षरं कडेला बोथट झालेली असतात. ती संग्रहासाठी घेऊ नका. रुगरच्या काही जुन्या ओतीव भागांवर निळ्याऐवजी जांभळट छटा चढते. ती खोट नाही, कारखान्यातून आलेली धातूची लकब आहे, आणि काही लोक तीच शोधत फिरतात.

५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली बंदूक संघीय नियमांत ‘क्युरिओ अँड रेलिक’ ठरते. तिच्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. तो असला की दुसऱ्या राज्यातली अशी बंदूक थेट तुमच्या पत्त्यावर येऊ शकते, अर्थात तुमच्या राज्याने हरकत घेतली नाही तर. बदल्यात प्रत्येक बंदुकीची रीतसर नोंदवही ठेवावी लागते.

रिकाम्या जागा आणि अपवाद

यादी केली की जागा भरायची हुरहुर लागते. सिंगल-सिक्स आहे, ब्लॅकहॉक आहे, आता बेअरकॅट हवंच, मग ते गंजकं का असेना. असं करू नका. रिकामी जागा रिकामी ठेवा. वाईट नमुना घेतला की चांगला दिसल्यावर तो विकायचा, कर भरायचा, दुकानदाराचं कमिशन द्यायचं, आणि पुन्हा तेवढेच पैसे घालायचे.

अपवाद मात्र नियमाइतकाच मोकळेपणाने ठेवा. घरात लहान चणीची व्यक्ती असेल आणि तुमच्या ब्रँडची मूठ तिच्या हातात बसत नसेल, तर तिच्यासाठी दुसऱ्या कंपनीचं घ्या. शॉटगनही दुसरीकडून घेतली तर काही बिघडत नाही. स्वसंरक्षणाच्या वस्तूवर संग्रहाचा नियम कधीही लादू नये.

सांभाळ, नोंद आणि वारस

घामातलं मीठ निळ्या पॉलिशवर एका रात्रीत गंज धरतं. हाताळली की तेलाच्या फडक्याने पुसायची. चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा स्पंजच्या पेटीत बंदूक ठेवून देऊ नका, दोन्ही ओल धरतात. तिजोरीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा, त्यासाठी विजेची छोटी गरम कांडी मिळते. काडतुसं वेगळ्या कुलपात.

आई-वडील व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहायला येतात, तेव्हा तिजोरीचा कोड त्यांना सांगू नका. त्यांच्या स्थितीतल्या माणसाच्या ताब्यात बंदूक असणं हाच कायद्याचा प्रश्न आहे. घरात मुलं असतील तर अनेक राज्यांत कुलूप ही कायद्याचीच अट आहे.

प्रत्येक बंदुकीचे फोटो, अनुक्रमांक, पावती आणि मूळ खोक्याची नोंद तिजोरीबाहेर ठेवा. घराच्या विम्यात बंदुकांच्या चोरीसाठी सहसा एक छोटी मर्यादा असते. संग्रह त्यापलीकडे गेला की वेगळा विमा उतरवा.

आणि वारसाचं आजच लिहून ठेवा. जोडीदार अजून व्हिसावर असेल तर तो संग्रह ताब्यात घेऊ शकणार नाही. भारतात परतण्याचा विचार असेल तर तिथला कायदाही माहीत हवा : २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून ज्याच्याकडे रीतसर परवाना आहे असा एक विश्वासू दुकानदार गाठा आणि त्याचं नाव मृत्युपत्रात लिहा. शेजारी प्रत्येक बंदुकीची अंदाजे किंमत टाका, आणि थ्री-स्क्रूचे मूळ भाग कोणत्या पाकिटात आहेत तेही. ही माहिती नसली तर घरचे लोक ते पाकीट भंगार समजून टाकून देतील.